किलकेनीच्या गावगप्पा, अण्णांसाठी

किलकेनी, आयर्लंड

तीर्थरूप अण्णांना साष्टांग नमस्कार,

तुम्ही फोनवर म्हणालात, "देखावे नंतर बघू, आधी त्या गावाच्या गोष्टी लिहून धाड." म्हणून हे लांबलचक पत्र. येण्याआधी वाचून ठेवा, म्हणजे कुठल्या दगडापाशी थांबायचं ते इथं तुमचं तुम्हाला कळेल. प्रत्येक गोष्टीत कागदावरचं किती आणि तोंडातोंडी वाढलेलं किती, हे वेगळं करून लिहितोय. पहिला प्रश्न तुम्ही तोच विचारणार, हे माहीत आहे.

गाव नोर नदीकाठचं. लोकसंख्या सत्तावीस हजारांच्या आसपास, म्हणजे सांगलीच्या दोन-चार वॉर्डांत मावेल. पण १६०९ च्या राजसनदेच्या जोरावर स्वतःला 'शहर' म्हणवून घेतं आणि कुणी 'टाऊन' म्हटलं की गाल फुगवतं. नदी शेजारच्या टिपरेरी जिल्ह्यात 'डेव्हिल्स बिट' नावाच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे १४० किलोमीटर वाहून बॅरो नदीला मिळते. गोष्टींना सुरुवात उगमापासूनच होते. डोंगराच्या माथ्याला मधोमध खाच आहे. सैतानानं तिथं घास घेतला, दात दुखला, घास थुंकला, आणि तो जिथं पडला तो कॅशेलचा प्रसिद्ध खडक, असं सांगतात. खाचेच्या आकाराशी खडक जुळतो म्हणे. आता डोंगर आहे वालुकाश्माचा आणि कॅशेलचा खडक चुनखडीचा. दोन्हीकडचा एकेक खडा तळहातावर घेतला की सैतान निर्दोष सुटतो.

गावाबद्दल एक जुनं यमक इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्याचा अर्थ असा: धुराविना आग, धुक्याविना हवा, गाळाविना पाणी, दलदलीविना जमीन, आणि रस्त्यांना संगमरवराची फरसबंदी. ऐकायला जमिनीच्या दलालाची जाहिरात वाटते, पण एकेक कलम तपासून बघण्यासारखं आहे.

धुराविना आग हे अगदी खरं. उत्तरेला अठराएक किलोमीटरवर कॅसलकोमर आहे, तिथं अँथ्रासाइट कोळसा निघायचा. यात कार्बन नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतो. धूर ज्यांच्यापासून होतो ते डांबरी वायू जवळपास नसतातच. ज्योत आखूड, निळसर, आणि आच जबरदस्त. पण पेटायला महाहट्टी. काडी लावून पेटत नाही. आधी लाकडाचा चांगला लाल निखारा करायचा, त्यावर थोडाथोडा कोळसा टाकायचा, खालून वारा चालू ठेवायचा, आणि मधेच काडीनं ढोसायचं नाही. ढोसलं की विझलाच. चुरा वाया जाऊ नये म्हणून तो चिकणमातीत पाणी घालून कालवायचा आणि हातानं गोळे वळायचे, आपल्याकडे शेगडीसाठी भुकटीचे वळायचे तसेच. धूर दिसत नाही म्हणून दारं-खिडक्या लावून झोपलं की मात्र घात. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. ते कलम यमकात घातलेलं नाही. खाणी १९६९ साली बंद झाल्या.

दलदलीचं कलमही बरोबर. आयर्लंडच्या मध्यावर मैलोन्‌मैल काळी, भिजलेली, पाय रुतणारी जमीन आहे. इथं खाली चुनखडी असल्यानं पाणी मुरतं आणि माळ कोरडा राहतो. धुक्याचं कलम मात्र थापच. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहाटे नदीवर असं धुकं बसतं की पलीकडचा किल्ला नाहीसा होतो. आणि हवेचाच विषय निघालाय तर एक सांगतो. आयर्लंडचं आजवरचं सर्वाधिक अधिकृत तापमान याच किल्ल्यावर नोंदलंय: २६ जून १८८७, ३३.३ अंश. (हसू नका. सांगलीत मे महिन्यात याला गारवा म्हणतात.) त्या आकड्यावर अलीकडे हवामानाच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. म्हणजे दंतकथा तोंडातूनच निघते असं नाही, नोंदवहीतूनही निघू शकते.

फरसबंदीचा 'संगमरवर' हा खरा संगमरवर नव्हे. ती चुनखडीच आहे, सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाची. आपल्या घरातल्या शहाबादी फरशीची चुलत बहीण म्हणा ना. यातला काळा रंग कुजलेल्या जीवांच्या कार्बनचा. घासून चकाकी आणली की आरशासारखा काळाभोर, आणि त्यात पांढरे शिंपले, प्रवाळ, समुद्रकमळांच्या देठांच्या चकत्या दिसतात. न घासलेला दगड नुसता करडा. म्हणून पाहुणे रस्त्यावर काळा दगड शोधतात आणि त्यांना तो सापडत नाही. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते बाहेरची चकाकी काही वर्षांत खाऊन टाकतं. काळेपणा बघायचा तर घराच्या आत, शेकोटीच्या चौकटीवर किंवा चर्चमधल्या थडग्यांवर बघायचा. आईला सांगा, स्वयंपाकघराच्या ओट्यावर लिंबू सांडलं की शहाबादीवर जो पांढुरका डाग पडतो, तोच इथंही पडतो आणि पुसून जात नाही. अठराव्या शतकात विल्यम कोल्स नावाच्या माणसानं नदीच्या पाण्यावर हा दगड कापायची आणि घासायची गिरणी उभी केली. दगड कापायच्या पात्याला दात नसतात. मऊ लोखंडाची सपाट पट्टी, तिच्याखाली वाळू आणि पाणी. कापते ती वाळू, पट्टी तिला नुसती मागेपुढे ओढते. पाणी कमी पडलं तर पट्टी तापून वाकते, जास्त झालं तर वाळू धुऊन जाते.

आता गावातली सगळ्यात मोठी गोष्ट.

ॲलिस किटेलर. गावात पाऊल ठेवल्यावर तासाभरात हे नाव कानावर पडतंच. कीरन स्ट्रीटवर तिच्या नावाची खानावळ आहे आणि तेच तिचं घर, असं सांगतात. गावाची गोष्ट थोडक्यात अशी: चार नवरे खाल्लेली श्रीमंत सावकारीण, सैतानाशी संग, काळी विद्या, बिशपनं पकडायच्या आत रातोरात पसार.

कागद काय म्हणतो ते आता बघा. घराणं मूळचं फ्लँडर्सकडच्या, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूच्या, व्यापाऱ्यांचं. जोस केटेलर नावाच्या माणसाचा १२८० सालचा थडग्याचा दगड गावात आहे, तो बहुधा तिचा बाप. पहिला नवरा विल्यम आउटलॉ, सावकार. मग कॅलनचा ॲडम ल ब्लंड, मग रिचर्ड द वाल, आणि चौथा सर जॉन ल पोअर. १३०२ च्या सुमाराला एक कज्जा झाला. त्यात तिचे आणि ॲडमचे तीन हजार पौंड तिच्या पहिल्या नवऱ्यापासूनच्या मुलाच्या घरात जमिनीखाली पुरलेले होते आणि ते रात्री कुणी उकरून नेले, अशी तक्रार आहे. त्या काळात तीन हजार पौंड म्हणजे राजानं कर्ज मागायला यावं अशी रक्कम. १३०७ साली याच ॲडमनं आपली सगळी मालमत्ता पहिल्या नवऱ्याच्या मुलाच्या, म्हणजे ॲलिसच्या पोटच्या विल्यमच्या नावे करून दिली. इथं थांबा, अण्णा. सावत्र पोरांच्या तोंडचा घास एका दस्तानं काढून घेतला. खरं चेटूक या कागदात आहे, असं माझं मत. पुढं चौथा नवरा आजारी पडला, केस गळाले, नखं गेली. त्यानं तिच्याकडून किल्ल्या हिसकावून पेट्या उघडल्या, आत चित्रविचित्र पुड्या सापडल्या, आणि त्या त्यानं बिशपकडे पाठवल्या. ही लक्षणं सोमलाच्या विषाशी जुळतात, असं पुढच्या लोकांनी म्हटलंय. सिद्ध काहीच झालेलं नाही.

बिशप होता रिचर्ड लेड्रेड, इंग्रज, १३१७ पासून इथल्या गादीवर, पोपच्या तेव्हाच्या, फ्रान्समधल्या आविन्यों गावच्या दरबारातून आलेला. पाखंडाची दहशत तो तिथूनच डोक्यात घेऊन आला होता. सावत्र पोरांनी तक्रार केली आणि यानं ती पाखंडाच्या साच्यात ओतली. १३२४ च्या आरोपपत्रात सात कलमं. चौरस्त्यावर कोंबडे कापून सैतानाला वाहिले. शिरच्छेद झालेल्या चोराच्या कवटीत, ओकच्या लाकडांच्या विस्तवावर, किडे, मढ्याची नखं आणि बाप्तिस्मा न झालेल्या पोरांच्या अंगावरचे कपडे शिजवले. 'आर्टचा पोरगा रॉबिन' नावाचा सैतान तिच्याकडे यायचा, कधी मांजराच्या रूपात, कधी काळ्या केसाळ कुत्र्याच्या. तिवाट्यावरचा उतारा आणि कोंबडं तुम्हाला नवं नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि आता आईसाठी. गावात सांगतात की ॲलिस तिन्हीसांजेला केरसुणी घेऊन रस्ता झाडायची आणि सगळा केर मुलाच्या, विल्यमच्या, दाराकडे लोटायची. लोटताना मंत्र म्हणायची: किलकेनी गावची सगळी लक्ष्मी माझ्या लेकाच्या घरी जावो. ऐकलं आणि आईचं वाक्य आठवलं: दिवेलागणीला केर काढू नये, लक्ष्मी बाहेर जाते. इथं लक्ष्मी बाहेर घालवायची नाही, शेजाऱ्यांची ओढून आणायची आहे, पण वेळ तीच आणि केरसुणीही तीच. गंमत पुढं आहे. खटल्याच्या काळातल्या लॅटिन हकिगतीत हा प्रसंगच नाही. तो येतो सोळाव्या शतकात छापलेल्या एका इंग्रजी बखरीत, म्हणजे अडीचशे वर्षांनी. काठीला मलम फासून तिच्यावर बसून दौडत जायची, हेही त्याच बखरीतलं. कवटी, कोंबडे आणि सैतान कोर्टातले. झाडू मात्र गावाचा.

ॲलिसचा जोर साधा नव्हता. चौथ्या नवऱ्याच्या भाऊबंदातला आर्नोल्ड ल पोअर इथला मोठा अधिकारी होता. त्यानं उलट बिशपलाच धरून किल्ल्यात सतरा दिवस डांबलं. पण शेवटी बिशप सुटला, ॲलिस समुद्रापार निसटली आणि कागदावरून कायमची नाहीशी झाली. तिची दासी, मीथची पेट्रोनिला, हाती लागली. तिला सहा वेळा फटके मारून कबुली घेतली आणि ३ नोव्हेंबर १३२४ ला जाळलं. याच गावच्या मठातला जॉन क्लिन हा साधू रोजनिशीसारखी बखर ठेवायचा. त्यानं नोंदलंय की पाखंडासाठी आयर्लंडात मरणाची शिक्षा झालेली ही पहिलीच. (हाच क्लिन १३४९ च्या प्लेगात, आदमच्या वंशातलं कुणी उरलंच तर त्यानं पुढं लिहावं म्हणून कोरी कातडी मागे सोडतो असं लिहून ठेवतो, आणि लवकरच बखर थांबते.) सांगणाऱ्यांच्या तोंडी ॲलिस वाढत गेली. पेट्रोनिला एका वाक्यात उरली.

मुलगा विल्यम मात्र पैशावर सुटला. शिक्षा अशी: वर्षभर रोज चर्चमध्ये तीन मिस्सा (प्रार्थनाविधी) ऐकायच्या, गरिबांना जेवण घालायचं, आणि संत कॅनिस कथीड्रलचं घंटेच्या मनोऱ्यापासून पूर्वेकडचं छप्पर शिशानं मढवून द्यायचं. १३३२ साली मनोरा कोसळला. हा कागद झाला. गाव म्हणतं, चेटकिणीच्या पैशाचं शिसं होतं, त्याच्या भारानं पडला. हे जरा तोलून बघू. शिशाचा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला साडेअकरा किलोच्या आसपास भरतो. तीन मिलिमीटर धरला तर चौतीस किलो. आपल्या मंगलोरी कौलांचं छप्परही साधारण एवढंच बसतं. म्हणजे भार अचाट नाही. शिवाय शिसं छपरावर, आणि मनोरा स्वतःच्या चार खांबांवर. खांब आधीच कच्चे असतील किंवा पाया बसला असेल, तर मनोरा शिशावाचूनही पडतो. शिशाचा खरा दोष निराळा. उन्हात पसरतं, गारठ्यात आखडतं, आणि दर वेळी उतारावरून केसभर खाली सरकतं. पत्रे मोठे घातले तर काही वर्षांत खिळ्यांपाशी फाटतात, म्हणून लहान लहान तुकडे कडा दुमडून जोडायचे असतात. आजचा मनोरा बुटका आहे, पुन्हा बांधलेला. बिशप लेड्रेडही त्याच कथीड्रलमध्ये दगडी शिल्प होऊन आडवा पडलाय.

कथीड्रलच्या शेजारीच गोल बुरूज. नवव्या शतकाच्या आसपासचा, तीस मीटर उंच. असे बुरूज गोबान सेर नावाच्या दंतकथेतल्या गवंड्याच्या नावावर खपवायची इथं देशभर पद्धत आहे, आपल्याकडे दिसेल ती लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली म्हणतात तशी. दुसरी आवडती समजूत अशी की व्हायकिंग आले की साधू आत चढून शिडी ओढून घ्यायचे. आयरिश भाषेतलं या बुरुजाचं नाव मात्र सरळ 'घंटाघर' असं आहे. आणि लपायला ही जागा भयंकर वाईट. आत लाकडी मजले, वर खिडक्या, म्हणजे खालून जाळ लावला की धुराडंच. ९५० साली स्लेनचा बुरूज आतल्या माणसांसकट जळाल्याची नोंद आहे. इथल्या बुरुजाचा पाया जेमतेम दोन फूट खोल आहे आणि तोही जुन्या कबरींवर, म्हणून बुरूज किंचित कलला आहे. वर चढता येतं, पण पायऱ्या १२१, त्याही उभ्या शिड्यांच्या, आणि मधे बसायला फळीएवढीच जागा. वारा-पाऊस असला की बंद. अण्णा, तुमच्या गुडघ्यांसाठी हे नाही. खाली हिरवळीवर बसा. डोकं मागे टाकून वर पाहिलंत की कल खालूनही दिसतो.

मांजरांचं थोडक्यात उरकतो. किलकेनीची दोन मांजरं इतकी भांडली की शेवटी दोन शेपट्याच उरल्या, ही गोष्ट इंग्रजी येणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. स्पष्टीकरणं दोन. एक, इथं तळ दिलेल्या शिपायांनी गंमत म्हणून दोन मांजरांच्या शेपट्या बांधून दोरीवर टांगल्या, अधिकारी येताना दिसला तेव्हा एकानं तलवारीनं शेपट्या छाटल्या, आणि मग ही थाप मारली. दुसरं मला जास्त पटतं. हे गाव म्हणजे खरं तर दोन गावं होती. वरचं इंग्रज वस्तीचं, आणि ब्रेगा ओढ्यापलीकडचं बिशपच्या ताब्यातलं आयरिशटाऊन. दोघांची नगरपालिका वेगळी, जकात वेगळी, आणि कोणी कुणाच्या बाजारात किती वसूल करायचं यावर चौदाव्या शतकापासून शेकडो वर्षं भांडण. दोन्हीकडचा पैसा वकिलांनी खाल्ला, शेपट्या उरल्या. आयरिशटाऊनचा वेगळा कारभार १८४० च्या दशकापर्यंत टिकला. तुम्ही हाय स्ट्रीटवरून कथीड्रलकडे निघालात की मधे एक पूल लागेल. इतका छोटा की पूल आहे हे लक्षातही येत नाही. सरहद्द तीच. हर्लिंग हा काठी-चेंडूचा खेळ खेळणाऱ्या इथल्या संघाला आजही 'कॅट्स' म्हणतात. १३६६ साली याच गावात भरलेल्या सभेनं इंग्रजांना आयरिश बायका करायला, आयरिश बोलायला आणि काठी-चेंडूचा खेळ खेळायला बंदी घातली होती. कायद्याचं काय झालं ते कुठल्याही रविवारी मैदानावर कळतं.

आता पूर. हे तुम्हाला समजावून सांगायची गरजच नाही. पाऊस लागला की आख्खी सांगली आयर्विन पुलावर जाते, आकडा चाळीस फुटांवर गेला की इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि तरी लोक कठड्याला टेकून वाहत आलेली झाडं मोजत असतात. २ ऑक्टोबर १७६३ ला इथं नेमकं तेच झालं. नोरला इतका पूर आला की गावातले दोन्ही मोठे पूल गेले: वरच्या अंगाचा ग्रीन्स ब्रिज आणि खालच्या अंगाचा जॉन्स ब्रिज. दोघांत किलोमीटरभरही अंतर नाही. वरचा पूल पडल्याची बातमी ऐकून लोक खालच्या पुलावर बघायला जमले आणि तोही पायाखालून गेला, असं सांगतात. सोळाएक माणसं बुडाली म्हणतात.

पूल कसा पडतो ते गोष्टीत येत नाही. जुन्या पुलांना जाड जाड खांब आणि अरुंद कमानी. खांबांनीच नदीचा बराच भाग अडवलेला. पूर आला की पाणी कमानींतून कोंडून, वेगानं सुटतं आणि खांबाच्या पुढच्या अंगाला भोवरा धरून तळाची वाळू-खडी उकरतं. वरून पूल शाबूत दिसतो, खाली पाया उघडा पडलेला असतो. त्यात झाडं, गंजी, मोडलेली छपरं येऊन कमानी बुजवतात आणि पूल धरणासारखं पाणी अडवायला लागतो. इथं तर वरच्या पुलाचं सामान खालच्या पुलावर येऊन आदळलं असणार. एक कमान गेली की शेजारची टिकत नाही, कारण कमानी एकमेकींच्या रेट्यावर उभ्या असतात. म्हणून सगळा पूल जातो तो दोन-चार मिनिटांचा खेळ. तुम्हीही आयर्विनवर उभं राहण्याआधी हे लक्षात ठेवा.

ग्रीन्स ब्रिज १७६६ ला पाच कमानींचा नवा बांधला, तो अजून वापरात आहे आणि देखणा आहे. बांधकामात तोच दगडवाला कोल्स होता. जॉन्स ब्रिज पुढं १९१० साली सिमेंट-काँक्रीटचा केला, एकाच लांब कमानीचा, पाण्यात खांबच नाही. धडा घेतला म्हणायचा. पहाटेच्या धुक्यात पुरात गेलेली माणसं जॉन्स ब्रिजच्या कठड्याला टेकून नदी बघताना दिसतात, असं गावात सांगतात. माझी शंका एवढीच: ती बिचारी ज्या कठड्यावर टेकली होती तो दगडी कठडा पाण्यात गेला. १९१० च्या काँक्रीटच्या कठड्यावर ती कुठल्या हक्कानं उभी राहतात?

राहिलं यमकातलं गाळाविना पाणी. नोर नदीत गोड्या पाण्यातल्या मोत्याच्या शिंपल्याची एक जात आहे, जगात दुसऱ्या कुठल्याच नदीत नाही. या शिंपल्याचं पोर आधी माशाच्या कल्ल्याला चिकटून वाढतं, मग गळून तळाच्या खडीत शिरतं आणि तिथं काही वर्षं गाडलेलं राहतं. खडीच्या फटींतून ताजं पाणी खेळलं तरच ते जगतं. शेतांतून, खोदलेल्या चरांतून बारीक माती आली की फटी बुजतात आणि पोर गुदमरतं. मोठे शिंपले दीर्घायुषी, म्हणून नदीत अजून थोडे दिसतात, पण ते म्हातारे आहेत. कित्येक दशकांत नवी पिढी उभी राहिलेली नाही. यमक झालं तेव्हा पाणी तसं असेलही.

तुमच्या वहीचं आता. तुम्ही मिरजेपासून औदुंबरापर्यंतच्या गोष्टी गोळा करताय, तर इथल्या लोकांनी ते कसं केलं ते बघून ठेवा. १९३७ ते ३९ या काळात आयर्लंडातल्या पाच हजारांच्या आसपास शाळांत, पाचवी-सहावीच्या पन्नास हजारांच्या आसपास पोरांना निबंधाच्या तासाला निबंध दिलाच नाही. घरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. मास्तरांच्या हातात विषयांची छापील यादी: पुरलेलं धन, पवित्र विहिरी, पावसाची लक्षणं, जुनी स्मशानं, गावठी औषधं, गावातली अचाट माणसं. पोरांच्या वह्यांतलं निवडून एका मोठ्या वहीत उतरवायचं. किलकेनी जिल्ह्याच्याही वह्या आहेत आणि आज त्या कुणालाही घरबसल्या वाचता येतात.

तुम्ही एवढं करा. एका पानावर एकच गोष्ट. वर गोष्टीचं गाव. खाली कुणी सांगितली, वय किती, त्यांना कुणी सांगितली, आणि तारीख. सांगणाऱ्याची भाषा सुधारायची नाही. तुमच्यातला मास्तर इथंच आडवा येणार, 'व्हतं'चं 'होतं' करू नका. एकच गोष्ट तिघांनी तीन प्रकारे सांगितली तर तीन पानं, त्यांची मिळून एक करायची नाही. ॲलिसचा झाडू कधी आत शिरला हे आज कळतं, ते दोन कागद वेगळे राहिले म्हणूनच. आणि छापील पुस्तकात वाचून सांगणारा ओळखायचा कसा? त्याला साल पाठ असतं. आजीला साल ठाऊक नसतं, पण कुठल्या झाडाखाली ते ठाऊक असतं.

येताना रबरी तळाचे बूट आणा. ओल्या चुनखडीवर कोल्हापुरीनं माणूस आडवा होतो. फिरायचा क्रम असा ठेवू: जॉन्स ब्रिज, किल्ला (हा १९६७ साली गावानं पन्नास पौंडांना घेतला, हे खरं आहे), कीरन स्ट्रीट, तिथून बटर स्लिपच्या अरुंद बोळातून हाय स्ट्रीट, मग तो न दिसणारा पूल, कथीड्रल, आणि शेवटी ग्रीन्स ब्रिज. सगळं मिळून दीड-दोन किलोमीटर. मधे तीन ठिकाणी बसायला जागा आहे.

वहीचं पहिलं पान कोरं असेल तर आजच भरा. आईला विचारा, तिन्हीसांजेला केर काढू नये हे तिला कुणी सांगितलं, आणि काढलाच तर तो कुठं लोटायचा. वय लिहायला ती तयार होणार नाही, तुम्ही अंदाजे घाला.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
बाळू